ग्रीनजवळ बॉल अडकला तर? पेनल्टी घेऊन सुटका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात गोल्फ खेळणारे आपण मोजकेच. कुणी नोकरीनिमित्त पुण्यात शिकलं, कुणी फौजेतून निवृत्त होऊन गावी आलं, कुणाच्या घरातली मुलं टोकियो ऑलिंपिकमध्ये आदिती अशोकला चौथी येताना बघून या खेळाकडे वळली. सराव बहुतेकांचा शेताच्या कडेला तयार केलेल्या दोन-चार होलांवर आणि स्पर्धा मात्र बाहेरगावी. तिथे गेल्यावर फटक्यांपेक्षा नियमांचीच धास्ती जास्त वाटते, हे बऱ्याच जणांनी बोलून दाखवलं आहे. ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताच्या, आसपास तर एका चुकीच्या ड्रॉपने (सुटका घेताना बॉल हातातून खाली सोडणं) अख्खं कार्ड बिघडतं. खाली जे आहे ते २०१९ साली बदललेल्या आणि २०२३ मध्ये पुन्हा सुधारलेल्या नियमांप्रमाणे आहे.

ग्रीनशेजारचा नाला उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत असतो. तरी तो पेनल्टी एरिया का?

हो, तरीही. पेनल्टी एरिया म्हणजे जिथे गेलेला बॉल पेनल्टी देऊन बाहेर काढता येतो असा भाग. नदी, नाला, तळं, पाटचारी, पाणी वाहून नेणारा उघडा चर हे सगळं पेनल्टी एरियात मोडतं, आत पाण्याचा थेंब नसला तरी. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये वाघूर-गिरणेच्या पात्रातही वाळू दिसते, तिथे शेतातल्या नाल्याची काय कथा. पण नियम पाणी बघत नाही, जागा बघतो. हद्द दाखवणाऱ्या रंगीत खुंट्या मारल्या नसतील तरी नाला हा पेनल्टी एरियाच असतो, आणि कमिटीने (स्पर्धा किंवा मैदान चालवणाऱ्यांनी) रंग ठरवला नसेल तर तो लाल धरायचा.

हद्द कुठे सुरू होते तेही बघून ठेवा. गेरूने रेघ ओढली असेल तर ती रेघ स्वतः पेनल्टी एरियाचा भाग आहे. बॉलचा जरासा भाग जरी रेघेला टेकला तरी बॉल आत. एखाद्या बॉलचा एक भाग ग्रीनवर आणि एक रेघेवर असेल, तर तोही ग्रीनवरचा धरत नाहीत, पेनल्टी एरियातलाच.

मग आत गेला की पेनल्टी लागलीच का?

नाही. आहे तिथून खेळलात तर पेनल्टी शून्य. कोरड्या नाल्यात बॉल वाळूवर स्वच्छ बसला असेल तर वेज (बॉल उंच उडवणारा क्लब, म्हणजे खेळायची काठी) काढा आणि खेळा. क्लब जमिनीला टेकवता येतो, सुकलेला पाला, काड्या, खडे बाजूला करता येतात. २०१९ च्या आधी हे चालत नव्हतं, म्हणून जुने खेळाडू अजूनही नाल्यात क्लब हवेत धरून उभे राहतात. मात्र खडा उचलताना बॉल हलला तर एक स्ट्रोक (हिशेबात एक जादा फटका) लागतो आणि बॉल जागेवर ठेवावा लागतो.

आत असताना दोन गोष्टी मिळत नाहीत. एक, फुकटची सुटका: नाल्यात सिमेंटचा पाइप आडवा आला, उंदराचं बीळ आलं, बॉल चिखलात रुतला, तरी नाही. दुसरी, "हा बॉल खेळण्यासारखा नाही" असं जाहीर करून अनप्लेएबलचा नियम लावण्याची सोय. आत असाल तर पेनल्टी एरियाचाच नियम.

लाल आणि पिवळ्या खुंट्यांत फरक काय?

एका पर्यायाचा. दोन्ही रंगांना एक स्ट्रोक देऊन दोन वाटा मिळतात. पहिली, आधीचा फटका जिथून मारला तिथे परत जाणं. दुसरी, रेषेवर मागे जाणं: होल आणि बॉल हद्दीतून शेवटचा आत गेला ती जागा, या दोन्हींना जोडणारी रेष मागे न्यायची आणि तिच्यावर पेनल्टी एरियाच्या बाहेर हवं तितकं मागे जाऊन ड्रॉप करायचा. लाल असेल तर तिसरी वाट उघडते: बॉल जिथून आत गेला त्या जागेपासून दोन क्लब-लेंग्थच्या (क्लबच्या लांबीच्या दुप्पट अंतराच्या) आत, होलच्या जवळ न जाता ड्रॉप.

"शेवटचा आत गेला ती जागा" म्हणजे बॉल पडला ती जागा ना?

नाही, आणि ग्रीनजवळचे निम्मे वाद इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा ग्रीनच्या पुढे आडवा नाला आहे. अलीकडे फेअरवे (कापलेल्या गवताचा मुख्य पट्टा), पलीकडे ग्रीन. तुमचा बॉल नाला ओलांडून गेला, पलीकडच्या काठावर आपटला आणि घरंगळत मागे पाण्यात आला. आता प्रश्न एकच: तो काठावर नेमका कुठे आपटला?

गेरूची रेघ काठाच्या वर, ग्रीनच्या बाजूला असते. बॉल रेघेच्या खाली, म्हणजे उतारावर आपटला असेल, तर तो पेनल्टी एरियाच्या बाहेर पडलाच नाही. हवेत नाला ओलांडताना अलीकडच्या हद्दीतून जो आत शिरला तीच शेवटची जागा. तुम्ही फेअरवेच्या बाजूला, नाला परत पुढ्यात.

पण बॉल रेघेच्या वर, फ्रिंजवर (ग्रीनच्या कडेच्या गवतावर) किंवा ग्रीनवर टेकला आणि मग मागे सरकून रेघ ओलांडत खाली गेला, तर शेवटची जागा ग्रीनच्या बाजूची. खुंट्या लाल असतील तर दोन क्लब-लेंग्थ तिथून मोजायच्या, आणि तुम्ही ग्रीनच्या काठावरून चिप (होलकडे छोटा फटका) मारणार. खुंट्या पिवळ्या असतील तर त्या जागेपासून रेष मागे नेली की ती नाल्यावरून पुन्हा फेअरवेवर येते, म्हणजे ग्रीनच्या बाजूने ड्रॉप मिळत नाही.

टप्प्यात फरक वीतभराचा, आणि पुढच्या फटक्यात पूर्ण नाल्याचा. म्हणून बॉल हवेत असतानाच नजर काठावर ठेवा. जोडीदाराचं लक्ष असेल तर त्यालाही विचारा. बॉलने ओल्या मातीत केलेली खूण बऱ्याचदा दिसते, ती जाऊन बघा. हे सगळं बॉल उचलण्याआधी करायचं.

अंदाजाने जागा ठरवली आणि नंतर कुणी मोबाइलमधलं चित्रण दाखवून चूक काढली तर?

त्या क्षणी उपलब्ध माहितीवरून तुम्ही प्रामाणिकपणे, नीट विचार करून जागा ठरवली असेल तर ती ग्राह्य धरली जाते, चित्रणात ती चार हात इकडे-तिकडे निघाली तरी. मला हा नियमांतला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. खेळाडूवर विश्वास ठेवूनच हा खेळ चालतो. घाईघाईत, न बघता सोयीची जागा दाखवणाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही.

लाल खुंट्या ग्रीनला अगदी लागून आहेत. दोन क्लब-लेंग्थ मोजल्या तर ग्रीनवर येतो. तिथे ड्रॉप चालतो?

चालतो. पेनल्टी एरिया सोडून कोर्सच्या कुठल्याही भागात ड्रॉप घेता येतो, ग्रीनही त्यात आलं. अट अशी की ड्रॉप केल्यावर बॉल आधी ज्या भागाला टेकला त्याच भागात थांबला पाहिजे. ग्रीनवर टेकून फ्रिंजवर गेला तर पुन्हा ड्रॉप. ग्रीनवर थांबला की तो ग्रीनवरचा बॉल झाला: खूण ठेवून उचला, पुसा, पट (ग्रीनवरचा घरंगळता फटका) मारा.

पण होलच्या जवळ जायचं नाही म्हटल्यावर जागाच उरत नाही. मग?

हा अनुभव वाकडा नाला ग्रीनला वेढून असेल तिथे हमखास येतो. होलपासून बॉल आत गेला त्या जागेपर्यंतचं अंतर धरून मनात एक गोल काढा. त्या गोलाच्या आत ड्रॉप नाही. काठ ग्रीनबरोबर वळत असेल तर गोलाबाहेरचा बहुतेक भाग नाल्यातच जातो आणि बाजूला चिंचोळी पट्टी उरते. पट्टी कितीही लहान असली तरी चालते, ड्रॉप तिथेच करायचा. दोनदा करूनही बॉल थांबत नसेल तर दुसऱ्यांदा जिथे टेकला तिथे हाताने ठेवायचा.

पूर्वी लाल हद्दीच्या समोरच्या काठावर, होलपासून तेवढ्याच अंतरावर ड्रॉप घेता येत असे. २०१९ पासून ती सोय मूळ नियमांतून काढली आहे. कमिटी स्थानिक नियम म्हणून ती ठेवू शकते, म्हणून स्पर्धेचा स्थानिक नियमांचा कागद आधी वाचा. जुन्या सवयीने सरळ पलीकडे जाऊन ड्रॉप करू नका.

मोजायला पटर (पट मारायचा क्लब) चालतो का? हातात तोच असतो.

नाही. त्या फेरीत तुमच्या बॅगेत असलेल्या क्लबांपैकी पटर सोडून सगळ्यात लांब क्लबने मोजायचं, म्हणजे बहुधा ड्रायव्हर. ४५ इंचांचा ड्रायव्हर असेल तर दोन क्लब-लेंग्थ म्हणजे साडेसात फूट. लांब दांड्याचे पटर बाळगणारे फायदा घेतील म्हणून पटर वगळला आहे. बॅग दूर असेल तर कॅडीला (बॅग वाहणाऱ्याला) ड्रायव्हर आणायला सांगा, पावलांनी मोजू नका.

पट जोरात गेला आणि बॉल ग्रीनवरून थेट नाल्यात! आता?

उन्हाळ्यात आपल्याकडची जमीन तापून इतकी कडक होते की उतारावरचा पट थांबतच नाही. अशा वेळी बहुतेक जण नाल्याच्या काठावर ड्रॉप शोधायला लागतात. त्याआधी पहिली वाट बघा: एक स्ट्रोक देऊन आधीचा पट जिथून मारला तिथेच परत. आणि आधीचा फटका ग्रीनवरून असल्यामुळे ड्रॉप करायचा नाही, बॉल हाताने त्याच जागी ठेवायचा. पुन्हा पट मारता येतो, आणि आता उताराचा वेगही कळलेला असतो.

हिशेब असा: तिसरा फटका म्हणून मारलेला पट नाल्यात गेला, चौथा पेनल्टीचा, पुढचा पट पाचवा. पिवळ्या खुंट्या असतील तर हीच वाट जवळपास नेहमी बरी, कारण रेषेवर मागे गेलात तर नाल्याच्या पलीकडे पोहोचता.

ड्रॉप कसा करायचा? खांद्यावरून की गुडघ्यावरून?

गुडघ्याच्या उंचीवरून, सरळ खाली, फिरवून किंवा ढकलून नाही. बॉल अंगाला किंवा बुटाला लागता कामा नये. चुकीच्या पद्धतीने ड्रॉप झाला तर खेळण्याआधी पुन्हा करा, पेनल्टी नाही. तसाच खेळलात आणि बॉल योग्य जागेत होता तर एक स्ट्रोक. योग्य जागेच्या बाहेरून खेळलात तर दोन.

रेषेवर मागे जाताना रेषेच्या जरा बाजूला पडला तर?

बॉल आधी रेषेवर टेकला पाहिजे. मग टेकलेल्या जागेपासून एक क्लब-लेंग्थच्या आत कुठेही थांबला तरी चालतो, होलकडे थोडा सरकला तरीही. २०२३ पासून ही मोकळीक आहे. होलच्या झेंड्यावर नजर धरून, मध्ये बॉल आत गेला ती जागा आणि मग तुमचे पाय, असं एका ओळीत आणा. घाईत लोक बॉल ज्या दिशेने आला ती दिशा धरतात. ती रेष वेगळी.

ड्रॉप केलेला, थांबलेला बॉल उतारावरून परत नाल्यात गेला. पुन्हा पेनल्टी?

आता नाही. पूर्वी लागायची, त्याचं उदाहरण अमेरिकन खेळाडू रिकी फाउलरचं. फेब्रुवारी २०१९, फिनिक्स ओपनचा शेवटचा दिवस, ११ वं होल. त्यांची चिप ग्रीन ओलांडून मागच्या पाण्यात गेली. त्यांनी दोनदा ड्रॉप केला, बॉल थांबेना म्हणून नियमाप्रमाणे हाताने ठेवला, तो थांबला. ते ग्रीन बघायला चढून गेले, आणि मागे कुणीही हात न लावता बॉल घरंगळत पाण्यात. त्या वेळच्या नियमाने आणखी एक पेनल्टी लागली आणि पार ४ च्या (चार फटके अपेक्षित असलेल्या) होलवर ७ लिहावे लागले. स्पर्धा मात्र त्यांनीच जिंकली.

२०२३ पासून ड्रॉप केलेला, ठेवलेला किंवा परत ठेवलेला बॉल थांबल्यावर आपोआप सरकून कोर्सच्या दुसऱ्या भागात किंवा हद्दीबाहेर गेला, तर पेनल्टीशिवाय मूळ जागी ठेवायचा. त्याच भागात खाली सरकला, म्हणजे फ्रिंजवरून खालच्या गवतात, तर मात्र नव्या जागेवरून खेळायचा.

आधीच्या जागी परत जाताना थोडं मागे सरकून सोयीचं अंतर घेता येतं का?

एक क्लब-लेंग्थपर्यंत, होलच्या जवळ न जाता. त्यापेक्षा जास्त नाही. २०१३ च्या मास्टर्स स्पर्धेत टायगर वुड्सचा १५ व्या होलवरचा बॉल झेंड्याच्या काठीला लागून मागे पाण्यात आला. त्यांनी आधीच्या जागेपासून दोन यार्ड मागे ड्रॉप केला, अंतर जुळावं म्हणून, आणि तसं मुलाखतीत सांगितलंही. दोन स्ट्रोकची पेनल्टी लागली, ६ चे ८ झाले. दोन यार्ड म्हणजे सहा फूट, आजच्या नियमातही ते एका क्लब-लेंग्थच्या बाहेरच जातं. ग्रीनजवळून बॉल मागे आला की परतीची जागा दूर फेअरवेवर असते, म्हणून फटका मारल्यावर उखडलेल्या गवताची खूण लक्षात ठेवून चला.

ग्रीनच्या बाजूच्या बाभळीत बॉल अडकला आहे, हात घालवत नाही. खुंट्या नाहीत. काय करू?

इथे अनप्लेएबलचा नियम, एक स्ट्रोक. वाटा त्याच तीन, पण मोजायची सुरुवात वेगळी: बॉल जिथे आहे तिथून. झाडावर असेल तर त्याच्या बरोब्बर खाली जमिनीवरची जागा धरायची. तिथून दोन क्लब-लेंग्थ, होलच्या जवळ नाही, आणि त्यात ग्रीनचा कोपरा येत असेल तर तिथेही ड्रॉप घेता येतो. बाभळीतून सुटका होते का हे आधी बघा. काटेरी झुडपाचा घेर मोठा असेल तर दोन क्लब-लेंग्थनंतरही काट्यातच उभे राहाल, आणि दुसऱ्यांदा सुटका घ्यायची म्हणजे दुसरी पेनल्टी.

बॉल तुमचाच आहे हे ओळखता आलं पाहिजे. वर पांढरं काहीतरी दिसतं एवढ्यावर भागत नाही. ओळख पटली नाही आणि तीन मिनिटांत बॉल सापडला नाही तर तो हरवलेला, आणि वाट एकच: एक स्ट्रोक देऊन आधीच्या जागी.

ग्रीनच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) बॉल काठाखाली घुसला तर?

एक स्ट्रोक देऊन बंकरच्या आतच दोन क्लब-लेंग्थ किंवा रेषेवर मागे, नाहीतर आधीच्या जागी परत. बंकरच्या बाहेर रेषेवर मागे यायचं असेल तर एकूण दोन स्ट्रोक. वाळूची भीती वाटणाऱ्या नवख्यांना मी दोन स्ट्रोकची वाट अजिबात वाईट सांगणार नाही. आत तीन-चार फटके घालवण्यापेक्षा ती स्वस्त पडते.

ठिबकच्या नळ्या, व्हॉल्व्ह, काळ्या मातीच्या भेगा: यांच्यासाठीही स्ट्रोक द्यायचा?

इथे आपले लोक विनाकारण पेनल्टी घेतात. पसरलेली ठिबकची नळी सहज उचलता येत असेल तर उचला, फुकट, पेनल्टी एरियातही. उचलताना बॉल हलला तर जागेवर ठेवा, तेही फुकट. जमिनीत पक्का बसवलेला व्हॉल्व्ह किंवा स्प्रिंकलर बॉलच्या, पायांच्या किंवा स्विंगच्या आड येत असेल, तर पेनल्टी एरियाच्या बाहेर फुकट सुटका. तो फक्त होलच्या दिशेत मध्ये येतो म्हणून मात्र नाही, जोपर्यंत कमिटीने तसा स्थानिक नियम लावलेला नाही.

उंदीर-घुशीच्या बिळातून फुकट. भेगांचं तसं नाही: उन्हाने पडलेली भेग नैसर्गिक आहे, कमिटीने ती जागा दुरुस्तीखालची म्हणून आखली असेल तरच सुटका. शेतातल्या सरावाच्या मैदानावर आपण स्वतःच कमिटी, तेव्हा मार्च उजाडला की मोठ्या भेगांभोवती चुन्याची फक्की टाकून घ्या. भेगेत अडकलेल्या बॉलवर जोरात क्लब मारून मनगट दुखावलेली माणसं पाहिली आहेत.

आणि बॉल दुसऱ्याच होलच्या ग्रीनवर गेला, किंवा तुमचे पाय तिथे येत असतील, तर फुकट सुटका घ्यावीच लागते. तिथून खेळलात तर दोन स्ट्रोक.

सुटका घेताना दुसरा बॉल वापरला तर चालतो?

हो, फुकट असो वा पेनल्टीची. मूळ बॉल दिसत असला तरी नाल्यात उतरायची गरज नाही, विशेषतः पावसाळ्यात. ग्रीनवर फक्त खूण ठेवून उचललेला बॉल मात्र तोच परत ठेवायचा.

स्पर्धेत नियमाबद्दल शंका आली आणि विचारायला कुणीच नसेल तर?

स्ट्रोक प्लेमध्ये (जिथे एकूण फटके मोजतात) दोन बॉल खेळता येतात. शंका आली त्या क्षणी, पुढचा फटका मारण्याआधी, मार्करला (तुमचे आकडे लिहिणाऱ्याला) किंवा सोबतच्या दुसऱ्या खेळाडूला सांगा की दोन बॉल खेळतो आहे, आणि नियम परवानगी देत असेल तर कोणता मोजायचा तेही सांगा. सांगितलं नाही तर आधी खेळलेला बॉल निवडला असं धरतात. दोन्हींनी होल पूर्ण करा, दोन्ही आकडे लिहा आणि कार्ड देण्याआधी कमिटीला सगळं सांगा. दोन्ही आकडे सारखे आले तरी सांगायचं, नाहीतर थेट बाद. मॅच प्लेमध्ये (जिथे समोरच्याशी एकेक होल जिंकायचं असतं) ही सोय नाही. तिथे प्रतिस्पर्ध्याशी बोलून एकमत करायचं, किंवा निकाल मागणार असल्याचं वेळेत सांगून खेळ पुढे न्यायचा.